मागाहून कळवू

वाणिज्य शाखेने एक खोड लावली : कुणी हेतू सांगू लागला की मी खतावणी मागतो. अमेरिकेत घरमालकाला न कळवता झडती घेता येते; नोटीस मागाहून! २००१ च्या पॅट्रियट कायद्याने ही मुभा दिली, दहशतवादाच्या भयापोटी. २००६ मध्ये तिथल्या संसदेने साधारणपणे ३० दिवसांत कळवण्याचे बंधन घातले आणि न्यायाधीशांनी अशा प्रत्येक वॉरंटाचा अहवाल धाडावा असे ठरवले. २०१३ च्या वर्षाचे अर्ज, मुदतवाढीसह, ११,१२९. पैकी दहशतवादाचे ५१! बहुतेक अमली पदार्थांचे.

बाबा एकदा झडतीला पंच होते. कपाट उघडले तेव्हा त्या घरची म्हातारी समोर बसून एकेक लुगडे मोजत होती, म्हणे. तिकडच्या म्हातारीला मोजायला मिळत नाही. तिच्या वतीने मोजणारे ते एवढे एक कोष्टक. म्हणून तर ५१ चा आकडा मला बेळगावात बसून कळला.