मधली भाषा

तौलनिक साहित्याच्या अभ्यासासाठी टेक्ससमधील एका विद्यापीठात दाखल झाल्यावर इंग्रजीखेरीज आणखी एक भाषा शिकणे मला भाग होते. मी स्पॅनिश निवडली आणि सव्विसाव्या वर्षी अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलांबरोबर प्राथमिक वर्गात जाऊन बसलो. सकाळी कादंबरीच्या संरचनेवर वाद घालायचा आणि दुपारी 'माझ्या बहिणीची मांजर काळी आहे' एवढे धडपणे म्हणण्यासाठी झटायचे, असा तो दिनक्रम होता.

आमचे पाठ्यपुस्तक अर्थातच इंग्रजीत होते. तिसऱ्या आठवड्यात 'मे गुस्ता एल लिब्रो' हे वाक्य आले. त्याचा उलगडा करण्यासाठी पुस्तकाने पानभर मजकूर खर्च केला होता. इंग्रजीत ज्याला आवडते तो वाक्याचा कर्ता असतो. येथे पुस्तक कर्ता होते आणि माणूस बाजूला सरकला होता. वर्ग गोंधळला. माझ्यासमोर मात्र सरळ 'मला पुस्तक आवडते' हेच वाक्य उभे होते. पुस्तके अनेक झाली की 'गुस्ता'चे 'गुस्तान' होते, तसे आपल्याकडे 'आवडतात' होते. पुढे कळले की 'घर पाहतो' म्हणताना स्पॅनिशमध्ये कर्माला काही लागत नाही, पण 'हुआनला पाहतो' म्हणताना नावाआधी 'आ' लागतो. आपणही घर पाहतो आणि रामला पाहतो. त्या 'ला'कडे मी त्यापूर्वी कधी लक्षच दिले नव्हते.

दोन्ही भाषा भारोपीय कुळातील आहेत, हे खरे. संस्कृतात 'मह्यं रोचते' आहे, लॅटिनमध्ये 'मिही प्लाकेत' आहे. पण प्रत्येक साम्य वारशाने आलेले नसते. स्पॅनिशचा 'आ' आणि मराठीचा 'ला' आपापल्या वाटेने घडले आहेत. शिवाय मराठीचा आधार थोड्याच अंतरापर्यंत पुरतो. 'असणे' या आपल्या एका क्रियापदाच्या जागी स्पॅनिशमध्ये 'सेर' आणि 'एस्तार' अशी दोन आहेत. 'एस आबुर्रिदो' म्हणजे तो माणूस कंटाळवाणा आहे, आणि 'एस्ता आबुर्रिदो' म्हणजे तो कंटाळला आहे. मेलेल्या माणसाविषयी बोलतानाही अवस्था दाखवणारे 'एस्तार'च वापरतात. येथे माझ्याजवळ ना मराठीची सोय होती, ना इंग्रजीची.

विभागात संध्याकाळी साफसफाईला येणाऱ्या एक प्रौढ मेक्सिकन बाई होत्या. त्यांना 'तू' न म्हणता 'उस्तेद' म्हणावे, हे मला कोणी शिकवावे लागले नाही. आपल्याकडे अशा मावशींना 'तुम्ही' म्हणतात तसेच ते होते. एकदा जिन्यावर त्यांच्या हातातला जुडगा खाली पडला. त्या स्वतःशीच म्हणाल्या, 'से मे कायेरोन लास यावेस.' माझ्या हातून चाव्या पडल्या. इंग्रजीत असते तर 'मी चाव्या पाडल्या' असे वाक्य झाले असते. येथे चाव्या पडल्या होत्या, आणि त्या पडण्याची झळ तेवढी बाईंना लागली होती. या वाक्याचा अर्थ मला इंग्रजीतून जावे न लागता कळला. 'यावे' आणि आपली पोर्तुगीजांकडून आलेली 'चावी' यांचे मूळ एकच आहे, हे मागाहून लक्षात आले.

त्या वाक्यानंतर मला पुण्यातील आमचा एम.ए.चा वर्ग वेगळा दिसू लागला. गाब्रिएल गार्सिया मार्केस यांची 1967 सालची कादंबरी आम्ही ग्रेगरी रबासा यांच्या 1970 सालच्या इंग्रजी अनुवादातून वाचली होती. अनुवाद उत्तम आहे; स्वतः मार्केस यांनी तो गौरवला होता. पण तिच्या शीर्षकातील 'सोलेदाद' या शब्दात हवाहवासा एकांत आणि सोसावा लागणारा एकाकीपणा हे दोन्ही असतात. इंग्रजी अनुवादकाला एक शब्द निवडावा लागला आणि त्या शब्दाचा कल एकांताकडे अधिक आहे. मराठीतही निवडावेच लागेल. मात्र ती निवड आपली असेल, आणि कदाचित वेगळी असेल.

आपल्या साहित्य विभागांत 'जागतिक साहित्य' या नावाने जे शिकवले जाते, ते बहुतांशी इंग्रजीत पोहोचलेले साहित्य असते. सर्वांनी सर्व भाषा शिकाव्यात, असे कोणी म्हणणार नाही, आणि अनुवादावाचून आपले चालणारही नाही. पण मूळ वाक्यात माणूस कर्ता होता की नुसता सोसणारा, हे विचारल्याशिवाय आपण लेखकाच्या जीवनदृष्टीविषयी निष्कर्ष काढत असू, तर त्यातला किती भाग लेखकाचा आणि किती मधल्या भाषेचा? हा प्रश्न मराठी घेऊन स्पॅनिशकडे जाणाऱ्याला लवकर पडतो, कारण त्याच्या घरातही तीच वाक्यरचना असते. प्राथमिक वर्गाच्या दोन सत्रांत मला मार्केस मुळातून वाचता आला नाही. 'सोलेदाद' या शब्दासमोर पेन्सिलीने दोन मराठी शब्द लिहून ठेवले आहेत, आणि अजून त्यांतला एकही खोडलेला नाही.