समुद्रातला नाका

जकात हा शब्द आम्हा सीमेवरच्या लोकांच्या कानांवर लहानपणापासून पडत आला आहे. बेळगावहून गोव्याकडे उतरणाऱ्या घाटवाटांवर कोणत्या ना कोणत्या काळी नाका होताच. नाका म्हटला की थांबणे, उतरणे, गाठोडे सोडून दाखविणे आणि शिपायाच्या मर्जीची वाट पाहणे हे ओघानेच आले. त्यामुळे २३ जून २०१६ रोजी ब्रिटनच्या मतदारांनी सुमारे ५२ टक्के मतांनी युरोपीय संघ सोडण्याचा कौल दिला, तेव्हा पौंडाच्या घसरत्या भावापेक्षा उत्तर आयर्लंडच्या सीमेचे पुढे काय होणार, याचेच कुतूहल आम्हांस अधिक वाटले. त्या सीमेवर आज दहा वर्षे जे चालले आहे, त्यात आपल्या ओळखीचे पुष्कळ काही आहे.

आयर्लंड बेटाची फाळणी १९२१ मध्ये झाली. दक्षिणेचा मोठा भाग स्वतंत्र झाला आणि उत्तरेचे सहा परगणे ब्रिटनकडे राहिले. दोघांमधील सीमा सुमारे पाचशे किलोमीटरची. ती शेतांतून, ओढ्यांतून, क्वचित एखाद्या घराच्या आवारातूनही जाते आणि तिला ओलांडणारे रस्ते दोनशेंहून अधिक आहेत. १ एप्रिल १९२३ पासून तिच्यावर जकातीच्या चौक्या बसल्या. १९७३ मध्ये दोन्ही देश युरोपीय आर्थिक समुदायात एकाच दिवशी दाखल झाले आणि १९९३ च्या आरंभी एकल बाजारपेठ अस्तित्वात आल्यावर त्या चौक्या उठल्या. लष्करी पहारे मात्र राहिले, कारण तीन दशकांच्या यादवीत साडेतीन हजारांवर माणसे मारली गेली होती. १० एप्रिल १९९८ च्या बेलफास्ट करारानंतर हळूहळू तेही गेले. मग सीमा ओलांडल्याची खूण एवढीच उरली, की रस्त्यावरील वेगमर्यादेच्या पाट्या मैलांऐवजी किलोमीटर सांगू लागत. उत्तरेतील गाईचे दूध दक्षिणेतील कारखान्यात जाई आणि त्याचे लोणी होऊन परत येई. त्या दुधाला राष्ट्रीयत्व कोणी विचारत नसे.

ब्रिटनने संघ सोडायचे ठरविल्यावर तीन वचने एकाच वेळी दिली गेली. ब्रिटन एकल बाजारपेठेतून आणि जकातसंघातून बाहेर पडेल, आयर्लंड बेटावर पुन्हा नाका बसणार नाही, आणि उत्तर आयर्लंड व उर्वरित ब्रिटन यांच्यामध्येही नाका येणार नाही. यांतील कोणतीही दोन पाळता येण्याजोगी होती. तिन्ही एकत्र पाळणे अशक्य होते. थेरेसा मे यांनी पहिल्या वचनाला मुरड घालणारी तोड काढली. जानेवारी २०१९ मध्ये संसदेने ती ४३२ विरुद्ध २०२ मतांनी फेटाळली. त्यांच्यानंतर आलेल्या बोरिस जॉन्सन यांनी त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात तिसऱ्या वचनाचा बळी देणारा करार केला. उत्तर आयर्लंड मालाच्या बाबतीत युरोपचे नियम पाळील आणि ब्रिटनहून येणाऱ्या मालाची तपासणी बंदरावर होईल, असे ठरले. थोडक्यात, जमिनीवरचा नाका टाळण्यासाठी तो समुद्रात नेला. १ जानेवारी २०२१ पासून त्याचा अंमल सुरू झाला.

मोठमोठ्या करारांची खरी ओळख भाजीवाल्याच्या टोपलीत होते. स्कॉटलंडमधील बियाण्याचे बटाटे पिढ्यान्‌पिढ्या उत्तर आयर्लंडच्या शेतांत लावले जात. ते एकाएकी निषिद्ध ठरले. रोपांच्या मुळांशी ब्रिटनची माती असेल तर रोप बंदरावरच अडू लागले. आपल्याच राज्याच्या माळ्याने पाठविलेल्या रोपाची माती परकी ठरावी, याचा अर्थ शेतकऱ्याला कोणत्या कलमाच्या आधारे समजावून सांगणार? शीतपेटीतील सॉसेजे, म्हणजे गोव्यातील चोरिसाची ही आंग्ल भावंडे, बाहेरच्या देशातून आणण्यास युरोपीय नियमांत मज्जाव होता. त्या बंदीतून मिळालेल्या सवलतीची मुदत वाढवून घेण्यावरून २०२१ च्या उन्हाळ्यात दोन्ही बाजूंचे नेते इतके हातघाईवर आले, की वृत्तपत्रांनी त्याला युद्धच म्हटले. बाहेरच्यांना हसू आले. आम्हांस आले नाही. चौकीवर अडलेली वस्तू किती किरकोळ आहे यावर अडविल्या गेलेल्या माणसाचा संताप ठरत नसतो.

तो संताप कसला होता, हे पाहण्यासारखे आहे. उत्तरेतील संघनिष्ठ लोकांची सारी अस्मिता आपण ब्रिटिश आहोत या एका वाक्यावर उभी आहे. ग्रेट ब्रिटनला आयर्लंडशी जोडणाऱ्या १८०० च्या कायद्यात व्यापारात दोहोंना समान वागणूक देण्याचे कलम आहे. नवा करार त्याचा भंग करतो, असे म्हणून त्यांचे नेते न्यायालयात गेले. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२३ मध्ये निकाल दिला, की संसदेने नंतर केलेल्या कायद्यापुढे ते जुने कलम मागे सरते. कायद्याने हे योग्यच असेल. पण दोनशे वर्षे जपलेला घरोब्याचा कागद बटाट्याच्या पोत्यापुढे मागे सरला, हे शल्य निकालाने कसे जावे? २०२१ च्या वसंतात बेलफास्टच्या रस्त्यांवर जाळपोळ झाली. फेब्रुवारी २०२२ मध्ये संघनिष्ठांच्या मोठ्या पक्षाने सत्तेतील आपला मुख्यमंत्री काढून घेतला आणि दोन वर्षे त्या प्रांताचे सरकार बंद पडले. दुसऱ्या बाजूची भीतीही खोटी नव्हती. २०२१ च्या जानेवारीत लशींच्या निर्यातीवरून युरोपीय आयोगाने आयर्लंडच्या सीमेवर नियंत्रण आणण्याची तरतूद वापरावयाचे ठरविले. काही तासांतच त्याने पाऊल मागे घेतले, पण तेवढ्या अवधीत जुन्या चौक्यांच्या आठवणीने सीमेवरील गावे धास्तावून गेली.

आपल्या मुलखानेही असा एक प्रयोग पाहिला आहे, याची आज फारशी कोणाला आठवण नाही. डिसेंबर १८७८ मध्ये लिस्बन येथे ब्रिटन आणि पोर्तुगाल यांच्यात करार झाला आणि १८८० पासून गोवा व ब्रिटिश हिंदुस्थान यांचा जकातसंघ बनला. सीमेवरील जकात उठली. मुरगावचे बंदर घाटमाथ्याशी जोडणारा लोहमार्ग याच करारातून आला. परंतु त्याची किंमतही होती. गोव्यातील मिठाचा आणि मद्याचा कारभार ब्रिटिश पद्धतीने चालू लागला, त्यापोटी पोर्तुगीज सरकारला दरसाल चार लाख रुपये मिळाले, आणि झळ मात्र मिठागरवाल्यांना व माडाची सूर काढणाऱ्यांना बसली. करार लिस्बनला झाला, रक्कम सरकारी तिजोरीत गेली आणि कर माडाच्या झाडावर बसला. त्यामुळे बारा वर्षांची मुदत १८९२ मध्ये संपली, तेव्हा तो पुढे चालला नाही. जकातीच्या चौक्या सीमेवर परत आल्या. आगगाडी तेवढी राहिली.

आमच्या घरांतील वडीलधाऱ्यांनी पाहिला तो हा चौक्यांचा काळ. आमच्यापैकी कित्येकांची कुलदैवते गोव्यात. वर्षा-दोन वर्षांनी दर्शनाला जाणे चुकत नसे. सीमेवर गाडी थांबली की ट्रंका फलाटावर येत. नव्या कापडावर जकात पडे, म्हणून देवीला नेसवायचे लुगडे आमच्या आजी स्वतःच नेसून बसत. देवळाच्या पायऱ्यांशी पोहोचल्यावर ते उतरवून, धुवून देवीला वाहत. नेसलेले वस्त्र देवीला चालते का, या प्रश्नावर त्यांचे उत्तर ठरलेले असे, "देवीला सरकारचे नियम ठाऊक आहेत." पुढे १९५५ मध्ये ती आगगाडीही बंद झाली आणि १९६१ मध्ये गोवा मुक्त होईपर्यंत कुलदैवताला घरूनच हात जोडावे लागले.

आज बेळगावची भाजी रोज पहाटे गोव्याच्या बाजारात पोहोचते. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला आणि राज्याराज्यांतील विक्रीकराच्या चौक्या उठल्या. अबकारीची चौकी मात्र अजून आहे. मद्य त्या करात आले नाही, दोन राज्यांचे दर निराळे राहिले, म्हणून गोव्याहून परतणाऱ्या गाडीची डिकी अजूनही उघडून पाहिली जाते. नियम जेथे वेगळे होतात, तेथे कोणी तरी डिकी उघडणारच. राज्यकर्त्यांना ठरविता येते ते एवढेच, की ती कोणाच्या दारात उघडायची आणि उघडणाऱ्याने कसे वागायचे.

ब्रिटन व युरोप यांना ही गोष्ट उशिरा उमगली. फेब्रुवारी २०२३ मध्ये ऋषी सुनक आणि उर्सुला फॉन डेर लायेन यांनी विंडसर येथे नवी चौकट मान्य केली. केवळ उत्तर आयर्लंडसाठी निघालेल्या मालाला हिरवी वाट, पुढे युरोपात जाऊ शकणाऱ्या मालाला लाल वाट. नोंदणी केलेल्या व्यापाऱ्याच्या माहितीवर भरवसा ठेवायचा आणि तपासणी थोडी करायची. बियाण्याचे बटाटे पुन्हा शेतात गेले. सॉसेजे दुकानात राहिली, मात्र त्यांच्या वेष्टणावर "युरोपीय संघासाठी नव्हे" असा शिक्का आला. फेब्रुवारी २०२४ मध्ये विधानसभा पुन्हा भरली आणि डिसेंबरात तिने ही व्यवस्था ४८ विरुद्ध ३६ मतांनी चालू ठेवली. संघनिष्ठांनी मात्र विरोधातच मत दिले. मे २०२५ मध्ये अन्नपदार्थांचे नियम पुन्हा जवळ आणण्याचे उभय पक्षांनी ठरविले. सोडलेल्या घराच्या अंगणात हळूच पाऊल टाकावे, तसे हे झाले.

हा वाद केवळ पैशाचा असता तर कधीच मिटला असता. नुकसान मोजता येते, भरूनही देता येते. आपण कोणाचे, हा प्रश्न नाक्यावरच्या अधिकाऱ्याने विचारला, की त्याची भरपाई कोणत्याही कोषातून होत नाही. १८७८ चा करार करणाऱ्यांनी सूर काढणाऱ्याला विचारले नाही आणि २०१९ चा करार करणाऱ्यांनी बेलफास्टच्या बटाटेवाल्याला. राजधानीतील मंडळी नकाशावर रेघ ओढतात तेव्हा त्यांना रेघ दिसते. आम्हांला त्या रेघेवरची ट्रंक दिसते, आणि ट्रंकेशी उभे राहून आपली पाळी येण्याची वाट पाहणारी माणसे.