सोळा वर्षांचा घोट

आमच्या घरात दारू हा शब्द कुणी उच्चारत नसे. ‘ते’ म्हणायचे. ‘काल परत ते झालं,’ असे आई म्हणाली, की आम्ही भावंडांनी समजून घ्यायचे. थोरले अण्णा ‘त्या’तच गेले. साल १९८७, वय अवघे चव्वेचाळीस. मागे वहिनी आणि दोन लहान मुली. गोव्याहून कुणी पाहुणा आला, की त्याची पिशवी आई स्वतः उचलून आत ठेवी, आणि ठेवताना ती किती जड आहे याचा अंदाज घेई. अशा घरातल्या माणसाने सत्तरीच्या उंबरठ्यावर स्कॉच व्हिस्कीवर लेख लिहावा, हे वाचकांना चमत्कारिक वाटेल. पण जी वस्तू आमच्या घरातून एक माणूस घेऊन गेली, ती मुळात आहे तरी काय, हे एकदा जवळून पाहावे असे मला फार वर्षे वाटत होते.

योग आला तो २०२३ च्या जूनमध्ये. मुलगा नोकरीनिमित्त ग्लासगोला असतो. त्याने आम्हा दोघांना आयला नावाच्या बेटावर नेले. स्कॉटलंडच्या पश्चिमेला, समुद्रात दोन-सव्वादोन तासांच्या बोटीच्या अंतरावर हे बेट आहे. वारा असा, की हिने पदर दोन्ही हातांनी धरून ठेवला होता. उतरल्याबरोबर माझी नजर गेली ती रस्त्यावरच्या पाटीवर. पाटी दोन भाषांत, इंग्रजी आणि गेलिक! आपण बेळगावकर माणसे. दोन भाषांतली पाटी दिसली, की कुठली भाषा वर आणि कुठली खाली हे आधी पाहतो.

गेलिक ही तिथली जुनी भाषा. बोलणारे आता थोडे उरले आहेत, पण दारूच्या कारखान्यांची नावे मात्र तिने सोडलेली नाहीत. लॅगव्हूलिन म्हणजे गिरणीचा खळगा. बुन्नाहावेन म्हणजे नदीचे मुख. ‘व्हिस्की’ हा शब्दही गेलिकच. मूळ शब्द ‘उश्के बेहा’, म्हणजे जीवनाचे पाणी. लॅटिनमध्ये त्यालाच ‘ॲक्वा व्हिटे’ म्हणत. स्कॉटलंडच्या सरकारी हिशेबवह्यांत १४९४-९५ सालची नोंद आहे: जॉन कोर नावाच्या एका धर्मबंधूला ‘ॲक्वा व्हिटे’ करण्यासाठी आठ बोल माल्ट द्यावे. बोल हे धान्याचे जुने माप. स्कॉच व्हिस्कीचा सगळा इतिहास या एका ओळीपासून सांगतात.

करण्याची रीत ऐकली आणि आपली आजीच आठवली. नाचणीचे सत्त्व करताना आपण नाचणी भिजवतो, मोड आणतो, मग वाळवतो. इथे जवाला मोड आणतात. वाळवताना खाली पीट पेटवतात. पीट म्हणजे दलदलीत शेवाळ आणि गवत कुजून झालेली काळी माती. वर्षाला जेमतेम एक मिलिमीटर थर साचतो, म्हणजे मीटरभर थराला हजार वर्षे लागतात. त्या मातीचा धूर धान्यात मुरतो. पुढे ते धान्य भरडून गरम पाण्यात कालवायचे, आंबवायचे आणि तांब्याच्या मोठ्या हंड्यांत दोनदा ऊर्ध्वपातन करायचे. निघते ते पाण्यासारखे रंगहीन असते. सोनेरी रंग येतो ओकच्या पिंपातून. निदान तीन वर्षे स्कॉटलंडमध्येच पिंपात राहिल्याखेरीज त्याला कायद्याने स्कॉच म्हणता येत नाही. एकाच कारखान्यात, केवळ मोड आणलेल्या जवापासून केलेली असेल तर ती ‘सिंगल माल्ट’.

पिंपेही बहुतेक वापरलेली. अमेरिकेत बूर्बनला कायद्याने कोरे पिंप लागते. एकदा वापरलेले तिच्या उपयोगाचे उरत नाही, ते स्कॉटलंडला येते. काही पिंपांत स्पेनची शेरी राहून गेलेली असते. लाकूड आधीच्या पाहुण्याची आठवण धरून ठेवते आणि नव्या पाहुण्याला देते. आणि घेतेही. दर वर्षी पिंपातला सुमारे दोन टक्के भाग उडून जातो. त्याला ते ‘देवदूतांचा वाटा’ म्हणतात. आपण काकबळी ठेवतो, तसाच काहीसा प्रकार! सोळा वर्षांत पिंपाचा पाव भागाहून अधिक ऐवज असा जातो.

लॅगव्हूलिनच्या जाड भिंतींच्या, थंड, अंधाऱ्या कोठारात आम्हाला बसवले. समोर ट्यूलिपच्या कळीसारखे, तोंडाशी निमुळते पेले. त्यांत सोळा वर्षांची व्हिस्की, दोन घोट असेल नसेल. वाढणारी बाई म्हणाली, ‘आधी प्यायची नाही. नुसता वास घ्यायचा.’

मला अण्णा आठवले. ते पीत ते भिंतीकडे तोंड करून, एका दमात, नाक दाबून. वास येऊ नये म्हणून! ते काय पितात हे त्यांनी कधी पाहिलेसुद्धा नसेल. इथे चाळीस माणसे नाक पेल्यात घालून पाच पाच मिनिटे गप्प बसली होती. देवळात असते तशी शांतता.

पहिल्यांदा आला तो धूर. मग आयोडिनचा वास, लहानपणी गुडघा फुटल्यावर लावत त्याचा. त्यामागे समुद्राचे शेवाळ. बाईने चार थेंब पाणी घालायला सांगितले. पाण्याने वास पातळ व्हायचा, तर तो उलट मोकळा झाला. या विषयावर स्वीडनमधल्या शास्त्रज्ञांनी २०१७ साली गणकयंत्रावर अभ्यास केला होता. धुराचा वास देणारे ग्वायकॉल नावाचे रेणू पाणी घातल्यावर पृष्ठभागाकडे सरकतात, असे त्यांना दिसले. मग घोट घेतला. जिभेवर आधी गोडवा, मनुकांसारखा, मग मीठ, मग घसा उबदार करीत धूर खाली उतरला आणि कितीतरी वेळ रेंगाळला. गाणे संपल्यावर तंबोरा वाजत राहावा तसा. घोट उत्तम होता, हे सांगायला मला संकोच नाही.

मी मनात हिशेब केला. ही पिंपात गेली तेव्हा, २००७ च्या सुमारास, आई हयात होती.

पण जुने ते सोने असे सरसकट नाही, हेही तिथेच कळले. फार राहिली तर लाकूड व्हिस्कीवर कुरघोडी करते आणि ती कडवट, तुरट होते. बाटलीत भरल्यावर तर वय वाढतच नाही. लोणच्यासारखी ती बरणीत मुरत नाही. शिवाय वय हवेवर असते. आपल्या कर्नाटकातल्या बंगळूरला ‘अमृत’ची सिंगल माल्ट होते. ती २००४ साली प्रथम बाजारात आली, ती थेट ग्लासगोत. गोव्यातल्या पॉल जॉनची २०१२ साली आली. बंगळूरच्या उन्हात देवदूत वर्षाला दहा टक्क्यांहून अधिक वाटा नेतात. तिथे सोळा वर्षे ठेवली तर पिंपात पाचवा हिस्साही उरणार नाही. म्हणून ती चार-पाच वर्षांतच जाणती होते. आणि नाव पाहा: तिकडे जीवनाचे पाणी, इकडे अमृत!

तरी एक गोष्ट स्पष्ट लिहितो. या पेल्यातही शंभरात त्रेचाळीस भाग अल्कोहोलच. यकृत बाटलीवरचे वय वाचत नाही. दर्दी म्हणवणारी माणसेही यातून गेलेली आहेत. घोटाचे कौतुक केले म्हणून अण्णांचे मरण हलके होत नाही.

येताना एक बोटभर बाटली आणली. कुणाला दाखवायचा विचार नव्हता. पण परत आल्यावर वहिनी भेटायला आल्या आणि इकडचे तिकडचे बोलणे संपल्यावर त्यांनीच विचारले, ‘भाऊजी, तुम्ही म्हणे तिथं चव घेतलीत. कशी असते?’

छत्तीस वर्षांत हा विषय त्यांनी प्रथमच काढला होता. मी बाटली आणून उघडली. त्यांनी ती नाकाजवळ नेली, डोळे मिटले.

‘बंबात शेणी घातल्यासारखा वास येतोय,’ त्या म्हणाल्या. मग थोड्या वेळाने, ‘यांच्या तोंडाला असा वास कधीच आला नाही.’

मी काही बोललो नाही. त्यांनी आणखी एकदा वास घेतला आणि बाटली माझ्यापुढे केली.

‘झाकण लावा. उडून जाईल.’