रतोलियाचं अंगण

नीरा उजव्या कालव्याची पाळी सुटली की चाऱ्या भरून वाहू लागतात. त्या वेळी चारीच्या काठाकडे नीट बघितलं तर पाण्याच्या रेषेपासून हात-दीड हात वरपर्यंत एक वेल जमिनीला चिकटून पसरलेला दिसतो. पान बोटाच्या पेराएवढं, देठाकडे निमुळतं, टोकाशी रुंद आणि दातेरी. पानाच्या बेचक्यातून एक बारीक दांडा उभा राहतो आणि त्यावर पांढऱ्या, फिकट गुलाबी इवल्या फुलांचं कडं, मध्ये जांभळट गाठ. पाळी संपते, चारी कोरडी पडते, तळाला भेगा जातात, तरी वेल जागा सोडत नाही. त्याच्यावरून म्हशी जातात, उसाच्या ट्रॉल्या जातात. याचं नाव रतोलिया. कुणी वक्कन म्हणतात, आयुर्वेदात जलपिंपळी, शास्त्रीय नाव फायला नोडिफ्लोरा. माळशिरसात आणि आसपासच्या गावांत मी लोकांच्या अंगणात बाग लावून देते, आणि जिथे ऊन भरपूर आहे तिथे जमीन झाकायला पहिल्यांदा याचाच विचार करते.

आमच्याकडे चांगलं अंगण म्हणजे मोकळं अंगण. सकाळी खराट्याने झाडलेलं, सडा घातलेलं, गवताची काडी नसलेलं. शेतातही तेच. तासलेला बांध म्हणजे कष्टाळू माणसाचा बांध. या नजरेमागे पिढ्यांची मेहनत आहे आणि मला तिचा आदर आहे. शेणाने सारवलेलं अंगण असायचं तेव्हा ती नजर बरोबरही होती, कारण सारवण हेच जमिनीचं पांघरूण होतं. आता सारवण गेलं, झाडणं तेवढं राहिलं. रोज खराटा फिरतो आणि रोज वरच्या मातीचा एक पापुद्रा निघून जातो. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीच्या वर जातो. अशा उन्हात मोकळी जमीन दुपारी पाय ठेवू देत नाही आणि रात्री उशिरापर्यंत भिंतींकडे उष्णता फेकत राहते. मग लोक कंटाळून पेव्हिंग ब्लॉक टाकतात. ते तर मातीहून जास्त तापतात, आणि पावसाचं पाणी आत मुरायची वाटही बंद करतात.

पाऊस आमच्याकडे मुळात थोडा. सोलापूर जिल्ह्याची वर्षाची सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास धरतात आणि पश्चिमेकडच्या आमच्या पट्ट्यात ती त्याहून खाली येते. तोही बराचसा परतीचा, सप्टेंबरात ढगफुटीसारखा कोसळणारा. तालुक्याचं हिरवेपण आहे ते कालव्याचं. या कालव्याला पाणी देणारं भाटघरचं आताचं धरण १९२८ साली पुरं झालं, उजव्या कालव्याचं पाणी फलटण ओलांडून इकडे आलं आणि माळरानावर ऊस उभा राहिला. सासवडकडचे माळी शेतकरी त्या पाण्यामागे आले, जमिनी कसू लागले आणि १९३२ साली त्यांनी स्वतःचा साखर कारखाना स्थापन केला. ते आजचं माळीनगर. कालव्याने तालुका उभा केला, ही गोष्ट इथे कुणाला सांगावी लागत नाही. पण त्याच पाण्याने काही ठिकाणी जमिनी खारवल्या, हेही इथल्या प्रत्येक घराला माहीत आहे. नीरेच्या काठावर पाडेगावला ऊस संशोधन केंद्र निघालं तेही १९३२ मध्येच, आणि कालव्याखालच्या जमिनींचं दुखणं तिथल्या अभ्यासाचा मोठा भाग राहिलं.

खारवटपणाचा आणि अंगणाचा संबंध फार जवळचा आहे. खालची ओल उन्हाने वर ओढली जाते. पाण्याची वाफ होते आणि पाण्यातला क्षार मात्र वर राहतो. उन्हाळ्यात पांढरी पूड साचलेलं अंगण, ओटे फुगलेलं घर, पोपडे निघालेल्या भिंती हे त्या क्षाराचंच काम. जमीन जितकी उघडी तितकी ही ओढ जोरात. वर पानांची सावली असली की पृष्ठभाग थंड राहतो, वाफ कमी होते आणि क्षार वर यायचा वेग मंदावतो. रतोलिया खारट माती सहन करतो, दलदलही सहन करतो आणि पुढे महिनाभर पाणी मिळालं नाही तरी टिकतो. चारीच्या काठावर त्याचं आयुष्यच ओल आणि कोरड यांच्या मध्ये जातं. म्हणून माझा त्याच्यावर भरवसा. पण ज्या जमिनीत पाणी तुंबून राहतं तिचा इलाज चर काढून निचरा करणं हाच आहे, आणि जमीन चोपण असेल तर माती तपासून जिप्सम. वेल लावला म्हणजे खारवट जमीन सुधारली, असं मी कुणाला सांगत नाही.

लावायची पद्धत सांगते, कारण सगळं यश सुरुवातीच्या दोन-तीन महिन्यांत ठरतं.

आधी लव्हाळा आणि हरळी. ही दोन तणं जमिनीत असताना वर काहीही लावलं तरी ती त्यातून डोकं काढतात, आणि एकदा वेलाच्या जाळीत घुसली की उपटताना वेलही उपटतो. एप्रिलात जागा खणून ढेकळं फोडायची, हरळीच्या मुळ्या आणि लव्हाळ्याच्या गाठी हाताने वेचायच्या, भरपूर पाणी द्यायचं आणि पातळ पारदर्शक प्लास्टिक अंथरून कडा मातीने घट्ट दाबायच्या. चार ते सहा आठवडे तसंच राहू द्यायचं. आमच्या उन्हाचा याहून चांगला उपयोग मला माहीत नाही. वरच्या थरातलं बी मरतं. लव्हाळ्याच्या खोल गाठी यातून वाचतात, म्हणून पहिल्या पावसानंतर त्या फुटल्या की पुन्हा खुरपं घेऊन बसायचं. या कामाला मजूर लावला तर त्याच्या शेजारी आपणही बसावं. वरचं पातं तोडून पुढे सरकणारा हात आणि खाली बोट घालून गाठ शोधणारा हात यांत महिन्याभराच्या खुरपणीचा फरक पडतो.

बेणं चारीवरूनच आणायचं. इथे सगळ्यांना उसाची भाषा येते, त्यामुळे समजावणं सोपं जातं. दोन-तीन पेरांची कांडी घ्यायची, एक डोळा मातीत आणि एक वर. उसासारखाच याच्याही प्रत्येक पेरापाशी फूट असते. मातीला टेकलेल्या पेराला मूळ सुटतं, आणि मूळ सुटलं की ते पेर स्वतंत्र झाड होतं. कोवळं हिरवं टोक घेऊ नये, ते उन्हात माना टाकतं. जरा तांबूस, चिवट झालेला भाग घ्यावा. बेणं ओल्या गोणपाटात गुंडाळून आणावं आणि त्याच दिवशी लावावं. दोन कांड्यांमध्ये वीतभर अंतर ठेवलं तर जमीन लवकर झाकते, फूटभर ठेवलं तर बेणं कमी लागतं पण खुरपणी वाढते. मी वीतभरच ठेवते. वाफशावर लागण करायची, पाय हलके दाबत चालायचं म्हणजे पेर मातीला चिकटतं, लगेच पाणी द्यायचं, आणि तीन-चार दिवसांनी आंबवणी, म्हणजे दुसरं हलकं पाणी. पंधरवड्यात नवी पानं दिसली नाहीत अशा जागी नांग्या भरून घ्यायच्या. वाढलेली लांब टोकं सरळ पळत सुटली तर ती मोकळ्या जागेकडे वळवून वर चिमूटभर माती टाकायची. हे टोक वळवणं मला या कामातलं सगळ्यात आवडतं. वेल कुठे जायला बघतोय हे ओळखून त्याला जरासं बाजूला नेणं, एवढंच त्यात असतं, पण ते करताना सगळ्या अंगणाची ओल, उतार आणि सावली हाताला कळते.

लागण कधी करायची याचा माझा हिशेब पंचांगाला बांधलेला आहे, आणि त्याचं कारण पालखी. ज्ञानेश्वर माउलींची पालखी नातेपुते, माळशिरस, वेळापूर असे मुक्काम करत पंढरपूरकडे जाते. आषाढी एकादशीच्या चार-पाच दिवस आधी ती आमच्या गावात असते. नातेपुत्याहून येताना सदाशिवनगरला गोल रिंगण होतं, आणि माळशिरसहून निघाल्यावर खुडूस फाट्याला दुसरं. मुक्कामाच्या रात्री गावात रिकामी जागा उरत नाही. शाळांची पटांगणं, मंदिराचे ओटे, लोकांची अंगणं, सगळीकडे राहुट्या, चुली, धोतरं वाळत घातलेल्या दोऱ्या. दारात आलेल्या वारकऱ्याला, जरा तिकडे झोपा, इथे वेल लावलाय, असं या गावात कुणी म्हणणार नाही, आणि म्हणूही नये. म्हणून कोवळी लागण पालखीआधी करायची नाही. पालखी पुढे गेली की करायची. तोवर मृगाचा, आर्द्राचा जो काही शिडकावा व्हायचा तो झालेला असतो. अधिक महिना आषाढाच्या आधी आला त्या वर्षी पालखी उशिरा येते, तेव्हा लागणही मागे जाते, काही बिघडत नाही.

वर्षभर जुना झालेला रतोलिया मात्र ती रात्र झेलतो. माणसं त्यावर झोपतात, पहाटे उठून चालतात, सामानाच्या ट्रकचं चाक कडेवरून जातं. दुसऱ्या दिवशी पानं दबलेली, काळपट दिसतात. चुलीखालचा तुकडा जळून जातो, तो खुरप्याने मोकळा करून शेजारची टोकं तिकडे वळवली की भरून येतो. बाकीचा वेल आठवड्याभरात सावरतो आणि आधीपेक्षा दाट होतो. २०२० आणि २०२१ मध्ये साथीमुळे पायी वारी झाली नाही, पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या. त्या दोन पावसाळ्यांत अंगणांतला हा वेल उंच, विरळ, पोकळ झालेला मी पाहिला. पेरं लांबली होती आणि मातीपासून सुटून वर आली होती. जमिनीला टेकलं नाही तर पेराला मूळ फुटत नाही. या वेलाला पाय लागावे लागतात. जिथे कुणी चालत नाही तिथे महिन्यातून एकदा फळी टाकून तिच्यावरून चालायचं, नाहीतर विळ्याने वरून छाटायचं.

शेजारच्या मावशींनी पहिल्याच वर्षी विचारलं होतं, "अगं, दारात गवत वाढवलंस, इच्चूकाटा आला म्हंजी?" प्रश्न अगदी रास्त आहे. आमच्या भागात घोणस आणि फुरसं दोन्ही आहेत. जमिनीलगत दोन बोटं उंचीच्या वेलात साप लपून राहत नाही, पण गुडघाभर वाढलेल्या कुठल्याही हिरवाईत राहू शकतो. म्हणून उंची राखणं हे सौंदर्याचं काम राहत नाही, ते घरच्या माणसांच्या जिवाचं काम होतं. उंबऱ्यापासून तीन-चार फूट जागा मी फरशीची किंवा सारवलेलीच ठेवते. मावशी तिथे सडा घालतात, रांगोळी काढतात. वेल त्यापुढे सुरू होतो.

दुसरी काळजी मधमाश्यांची. रतोलियाला आमच्याकडे जवळजवळ वर्षभर फूल असतं, थंडीत थोडं कमी. सकाळी नऊ-दहाला ऊन चढलं की त्यावर फुलोरी माश्या दाटतात. उसाच्या रानात मैलोन्मैल माशीला खायला काही नसतं, तिथे एक अंगण फुललेलं असणं ही मला मोठी गोष्ट वाटते. पंखांवर डोळे असलेलं नारिंगी फुलपाखरू, इंग्रजीत ज्याला पीकॉक पॅन्सी म्हणतात, ते याच्या पानांवर अंडी घालतं आणि त्याच्या काटेरी काळ्या अळ्या हीच पानं खातात. त्या दिसल्या की फवारणी करू नका, एवढं मी प्रत्येक घरी सांगून येते. पण अनवाणी खेळणारी मुलं असतील तर खेळायच्या बाजूची फुलं विळ्याने उडवत राहावं लागतं. मधमाशी मुद्दाम चावत नाही, पायाखाली सापडली तर चावते.

रोपवाटिकेत जमीन झाकायला काही मागितलं तर बहुतेक वेळा वेडेलिया हातात देतात. चकचकीत पान, पिवळं फूल, लावल्या लावल्या पळत सुटतो, म्हणून खपतो. तो मूळचा उष्णकटिबंधीय अमेरिकेचा, आणि जगातल्या सर्वांत उपद्रवी शंभर परक्या प्रजातींच्या यादीत त्याचं नाव आहे. कालव्याच्या गावात तो लावायला माझा ठाम विरोध आहे. छाटलेला तुकडा चारीत पडला तर पाण्याबरोबर कुठल्या कुठे जाऊन रुजतो. रतोलिया आपला, इथलाच. तरी त्यालाही सीमा लागते. त्याचा एक चुलतभाऊ, फायला कॅनेसेन्स, ऑस्ट्रेलियात मरे-डार्लिंग नद्यांच्या पूरमैदानांत असा पसरला की तिथली चराऊ कुरणं त्याने गिळली. जपानमध्ये रतोलियाच्याच जातीतून कुरापिया नावाचं निवडक वाण तयार झालं आणि आता कॅलिफोर्नियात पाणीखाऊ लॉनच्या जागी ते लावतात. ते वाण लोक पैसे मोजून घेतात. आमच्याकडे त्याचा मूळ वेल चारीवर फुकट पडलेला आहे आणि लोक अंगणासाठी लॉनच्या लाद्या गाडीभाडं देऊन बाहेरून आणतात.

कड राखायला मी वर्षातून दोनदा फावड्याने सरळ रेघ मारते, एकदा दसऱ्याच्या सुमारास आणि एकदा होळीला. रेघेपलीकडचं निघालेलं बेणं ज्याला हवं त्याला देते. यंदा त्यातलं बरंचसं तालुक्यातल्या एका शाळेसाठी राखून ठेवलं आहे. तिथलं पटांगण उन्हाळ्यात पांढरं फटक पडतं आणि पावसाळ्यात त्यात पाणी साचतं. आधी उताराच्या बाजूने चर निघेल, मग माती तपासून येईल, आणि पालखी पुढे गेली की मुलांना घेऊन लागण.