मी वेलास्केसला पाहिलं

स्पेनमधल्या सालामांकात शिकायला पोचले तेव्हा माझ्या वहीला उभी रेघ होती. डावीकडे स्पॅनिश शब्द, उजवीकडे इंग्रजी अर्थ. पुण्यात पहिल्या तासापासून हीच शिस्त. स्पॅनिश मराठीतून शिकावं असं कोणी म्हणालं नव्हतं आणि मलाही कधी सुचलं नव्हतं.

ही शिस्त मोडली ती एका पेल्यामुळे. घरमालकीणबाईंच्या स्वयंपाकघरात भांडी विसळताना तो फुटला. मी वाक्य जुळवलं, ‘ए रोतो एल बासो’. मी पेला फोडला. बाई कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, “का गं? कोणावर चिडून आपटलास?” मग त्यांनीच वाक्य दुरुस्त करून दिलं, ‘से मे आ रोतो’. इंग्रजीत ते धड उतरेना. रात्री पडल्या पडल्या लक्षात आलं, हे तर सरळ ‘माझ्या हातून पेला फुटला’! आमच्या घरच्या सगळ्या कपबश्या अशाच कोणाच्या ना कोणाच्या हातून फुटल्या. फोडली कोणीच नाही.

‘मे गुस्ता’चंही, म्हणजे ‘मला आवडतं’चंही, तेच. वर्गातली अमेरिकन मुलं त्याच्याशी महिनाभर झगडत होती, कारण त्यांच्या भाषेत ज्याला आवडतं तो माणूस कर्ता. स्पॅनिशमध्ये कॉफी आवडते आणि द्राक्षं आवडतात, क्रियापद वस्तूच्या मागे जातं. मराठीत दुसरं काय होतं?

तरी वहीची उजवी बाजू खरी बदलली ती वाङ्मयाच्या तासाला. आम्ही ‘लासारियो दे तोर्मेस’ वाचत होतो. १५५४ सालचं, लेखकाचं नाव नसलेलं पुस्तक, आणि पुढच्या पाच वर्षांत धर्मन्यायालयाच्या बंदीयादीत गेलेलं. सुरुवातीलाच आंधळा मालक पोराला सालामांकाच्या पुलावरल्या दगडी बैलाला कान लावायला सांगतो, आत आवाज येतो म्हणून. पोर कान लावतं आणि मालक त्याचं डोकं बैलावर दणकन आपटतो. त्या दणक्यासाठी जो शब्द आहे, त्याच्या पोटात चक्क ‘भोपळा’ दडलेला आहे. मी उजवीकडे लिहिलं, ‘टाळकं शेकलं’. तास सुटल्यावर पुलावर जाऊन कान लावून आले. बैल आहे अजून. डोकं मात्र आता बैलालाच नाही.

कलेतिहासाच्या सरांची तऱ्हा वेगळी. माद्रिदला प्रादो संग्रहालयात नेलं आणि सांगितलं, एकच चित्र, एक तास. तिथे फोटो काढायला बंदी, त्यामुळे वही आणि पेन्सिल. माझ्या वाट्याला वेलास्केसचं ‘लास मेनिनास’ आलं, १६५६ सालचं, तीन मीटरहून उंच. पहिली दहा मिनिटं मी सगळ्यांसारखी मधल्या छोट्या राजकन्येकडे बघत होते. मग नजर तिच्यासमोर धरलेल्या तबकावर गेली. त्यात लाल मातीचं इवलंसं बोळकं. संक्रांतीच्या सुगडाची आठवण यावी असं. जवळ जाऊन बघावं तर राजकन्येच्या बाहीची जर म्हणजे नुसते पांढरे-काळे फटकारे. चार पावलं मागे आलं की पुन्हा जर. हे पुढे-मागे मी इतक्यांदा केलं की तिथली रक्षक बाई माझ्यावर नजर ठेवून होती.

डावीकडे खुद्द चित्रकार उभा आहे, हातात कुंचला, छातीवर लाल क्रूस. हा क्रूस लावण्याचा मान त्याला १६५९ मध्ये मिळाला, म्हणजे तो चित्रात नंतर रंगवलेला. तो थेट आपल्याकडे बघतो. मागच्या आरशात राजा-राणी दिसतात, म्हणजे आपण उभे आहोत ती जागा बहुधा त्यांची.

बाहेर आल्यावर सरांनी विचारलं, काय पाहिलंस? मी म्हणाले, ‘बी आ बेलाथकेथ’. (आपण वेलास्केस लिहितो, तिकडे उच्चार असाच.) सगळे हसले. चित्र पाहिलं असेल तर मधला ‘आ’ नको. तो माणसाला लागतो. इंग्रजीत याला जोडच नाही, म्हणून बाकीचे तो हमखास विसरायचे. मला तो कधीच शिकावा लागला नव्हता, कारण तो आपला ‘ला’ आहे: मी पूल पाहिला, पण आजीला पाहिलं. मी वेलास्केस पाहिला म्हणजे चित्र. वेलास्केसला पाहिलं म्हणजे माणूस.

मी सरांना म्हणाले, तासभर तो माझ्याकडे बघत होता, मग मी कोणाला पाहिलं? सर थोडं थांबून म्हणाले, या एका चित्रापुरता ‘आ’ चालेल.

स्पॅनिश शिकणार असाल तर वहीची उजवी बाजू पहिल्या दिवसापासून मराठीत लिहा. फक्त ‘सेर’ आणि ‘एस्तार’ पाठ करा. आपल्याकडे दोन्हींना एकच ‘आहे’, आणि त्यापायी मी ‘मला कंटाळा आलाय’ म्हणायला जाऊन ‘मी कंटाळवाणी आहे’ असं भर वर्गात दोनदा सांगितलंय.