खुणेचं तळं

१४ मे २०२५, पुणे
भाची नागपूरहून आली. पुढच्या महिन्यात तिला बारा पूर्ण होतील. रात्री मोबाइल बंद, त्याबदल्यात मी रोज एक गोष्ट सांगायची, असा तह झाला. कपाटातून सी. एस. लुईसचं ‘द मॅजिशियन्स नेफ्यू’ (१९५५) काढलं. पिवळ्या अंगठीला हात लागला की मुलं एका मुक्या रानात पोचतात. रानभर उथळ तळी आणि प्रत्येक तळं म्हणजे एकेका जगाचं दार. हिरवी अंगठी घालून उडी घ्यायची. डिगरी नव्या तळ्यात शिरायला निघतो, तेवढ्यात पॉली त्याला थांबवते. घरच्या तळ्याला खूण केलीच नाही! तळी सगळी सारखीच. मग तो सुरीनं काठावरच्या गवताचा पट्टा कापून काढतो.

भाची उठूनच बसली. “मावशी, पॉली नसती तर ते तिथेच फिरत बसले असते.”

या पुस्तकांमधल्या दारांचं सगळे कौतुक करतात. मला ती पॉली आवडते.

१६ मे
आज डायना विन जोन्स. ऑक्सफर्डला शिकताना हिनं लुईसची व्याख्यानं ऐकली होती. तिचा ख्रिस्तोफर चँट झोपेत जगाजगांतून हिंडतो आणि येताना वस्तू घेऊन येतो. त्याच्या मामाला हे कळतं आणि तो पोराकडून चक्क चोरटा माल आणवायला लागतो. “सख्खा मामा?” असं तीनदा विचारून झालं. उद्या तिच्या मामाचा फोन येणार आहे, देव त्याचं भलं करो.

१८ मे
फिलिप पुलमन. हिला त्याचं इंग्रजी अजून जड जातं, म्हणून मराठीत सांगत गेले आणि ‘डीमन’पाशीच अडले. राक्षस म्हणून भागायचं नाही. माणसाचा जीवच प्राण्याच्या रूपात बाहेर, सोबत वावरणारा. लहानपणी तो रूपं बदलतो, मोठेपणी एका रूपात कायमचा स्थिरावतो. ‘प्राणसखा’ म्हटलं. तिला पटलं, मला अर्धवट.

मग ‘द सटल नाइफ’ (१९९७). ऑक्सफर्डचा संडरलँड अव्हेन्यू, कडेची झाडं, रहदारी. बारा वर्षांच्या विलला एक मांजर हवेत पंजा मारताना दिसतं आणि पुढच्या क्षणी ते नाहीसं होतं. तिथे हवेचा एक तुकडा कापलेला असतो. कडेनं पाहिलं तर काहीच दिसत नाही. पलीकडेही गवतच, पण ते इथलं नव्हे हे त्याला बघताक्षणी कळतं. काय धाडस आहे या लेखकाचं! महाल नाही, बर्फ नाही, नुसतं गवत.

पण अशी प्रत्येक खिडकी महाग पडते. परक्या जगात माणूस दहाएक वर्षांत झिजून जातो. म्हणून शेवटी विल आणि दुसऱ्या जगातल्या लायराला ऑक्सफर्डच्या वनस्पती-उद्यानातल्या त्या बाकावर

२० मे
सकाळीच बातमी आली, जयंत नारळीकर गेले. इथेच, पुण्यात. दिवसभर हातात काही टिकलं नाही. संध्याकाळी वाचनालयात जाऊन त्यांची ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ ही कथा असलेला संग्रह आणला. माझी प्रत कोणीतरी नेली ती नेलीच.

२१ मे
इतके दिवस जगं दूरची होती. आज पंत पुण्याहून मुंबईला निघाले, तेही जिजामाता एक्स्प्रेसनं, आणि भाची हसायलाच लागली. टाउन हॉलच्या ग्रंथालयात त्यांना कळतं, की इथे १७६१ ला मराठे पानिपत जिंकले. विश्वासरावांना लागलेली गोळी इथे कानाजवळून निघून गेली, एवढाच फरक. अंगठी नाही, सुरी नाही, एक बोटभर अंतर. मग सभेतली रिकामी खुर्ची पाहून पंत सवयीनं अध्यक्ष होऊन बसतात आणि अंडी-टोमॅटोंचा मारा खातात. इथे तिनं उशीवर हात आपटले.

मला मात्र वाटत राहिलं, तिकडच्या पंतांना इकडचं पानिपत वाचायला मिळालं असतं तर?

२४ मे
आज दिवसभर एकच धोशा. पंतांच्या खिशात बखरीचं फाटकं पान उरलं म्हणून तरी त्यांच्यावर विश्वास बसला, मग आपल्याकडे काय पुरावा? “मी इथे होते हे नागपुरात कोण मानेल?” संग्रहाच्या पानाशी चाळा सुरू होता. रागावलेच. वाचनालयाचं पुस्तक आहे, दंड कोण भरणार? गप्प बसली. जरा जास्तच.

२५ मे
गाडीत बसवून आले. घर एकदम मोठं झालंय. संग्रह परत करण्याआधी एकेक पान मोजलं. सगळी जागेवर.

आत्ता लिहायला वही उघडली. अठरा तारखेचं पान खालून फाडलेलं आहे, पट्टी लावून, अगदी सरळ. उरलेल्या कडेवर पेन्सिलीनं एक लहानशी फुली.