मागें राहिलेल्यांचें वाचन

कादंबरी वाचून घरोघर भांडणें व्हावींत हें भाग्य मराठी कादंबरीच्या वांट्यास अलीकडे फारसें येत नाहीं. आमच्या वारंगा फाट्यावरील चार-सहा वाचक कुटुंबांत तें भाग्य गेल्या वर्षीं एका परकीय कादंबरीमालेनें मिळविलें. माला अमेरिकन, भाषा इंग्रजी, आणि विषय ख्रिस्ती धर्मग्रंथांतील जगाच्या अंताचा. म्हणजे आम्हांपैकीं बहुतेकांचा तिच्याशीं कोणत्याहि बाजूनें संबंध पोंचूं नये अशीच. तरीहि तिच्यावरून आमच्यांत जे तट पडले ते अद्याप मोडलेले नाहींत.

मालेचें नांव 'लेफ्ट बिहाइंड', म्हणजे 'मागें राहिलेले'. टिम लाहे हे धर्मोपदेशक आणि जेरी जेन्किन्स हे व्यवसायी लेखक या दोघांनीं ती रचिली. पहिला खंड 1995 सालीं निघाला, बारावा 2004 सालीं. आणि कथा संपल्यावरहि वाचकांची भूक संपेना म्हणून आधींच्या हकीकतीचे तीन व नंतरच्या हकीकतीचा एक असे खंड जोडून 2007 पर्यंत एकंदर संख्या सोळावर नेण्यांत आली. मुलांसाठीं चाळीस लहान पुस्तकांची निराळी माला आहे ती वेगळीच. एकंदर प्रती सहा कोटींहून अधिक खपल्या. एवढा ज्याचा खप होतो तें पुस्तक नुसतें वाचलें जात नाहीं, तें वांटलें जातें; आणि कोण कोणास वांटतो हें पाहिल्यावांचून त्यासंबंधीं बोलणें व्यर्थ होय, असें आमचें मत झालें आहे.

कथेचा आरंभ असा. एक प्रवासी विमान रात्रीं अटलांटिक महासागरावरून लंडनकडे चाललें आहे. एकाएकीं शंभराहून अधिक उतारू जागच्या जागीं नाहींसे होतात. आसनांवर त्यांचे कपडे तेवढे राहतात. पृथ्वीवर सर्वत्र हाच प्रकार. खऱ्या श्रद्धेचे ख्रिस्ती लोक आणि झाडून सारीं लहान मुलें, गर्भांतील देखील, प्रभूनें वर उचलून नेलीं आहेत. वैमानिक रेफर्ड स्टील घरीं परततो तों बायकोच्या आणि मुलाच्या अंथरुणांत त्यांचे रात्रीचे कपडे पडलेले. तो स्वतः आणि त्याची कॉलेजांत शिकणारी मुलगी मागें राहिलीं. पुढें सात वर्षांचा संकटकाळ. संयुक्त राष्ट्रसंघाच्या मुख्य चिटणिसाच्या जागेवर चढलेला रूमानियाचा निकोलाय कार्पेथिया हा ख्रिस्तविरोधक. मागें राहून मग श्रद्धावंत झालेल्या मंडळींचा त्याच्याशीं झगडा. आणि बाराव्या खंडांत ख्रिस्ताचें पुनरागमन. 'उचलून नेण्या'च्या या कल्पनेस आधार पौलानें थेस्सलनीकाकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रांतील एका वचनाचा. परंतु संकटकाळाच्या आधींच श्रद्धावंतांची सुटका होईल, हें जें तिचें आजचें रूप, तें जॉन नेल्सन डार्बी या उपदेशकानें 1830 नंतरच्या दशकांत मांडलें, आणि स्कोफील्ड यांच्या 1909 च्या सटीप बायबलानें तें अमेरिकेंत घरोघर पोंचविलें. कॅथलिक व ऑर्थोडॉक्स मंडळ्या तें मानीत नाहींत, आणि प्रॉटेस्टंटांपैकींहि पुष्कळ मानीत नाहींत. बार्बरा रॉसिंग या लूथरन विदुषीनें तर त्याच्या खंडनार्थ 2004 सालीं स्वतंत्र पुस्तकच लिहिलें.

हीं पुस्तकें आमच्याकडे आलीं दोन वाटांनीं. हैदराबादेस आबिड्सच्या रस्त्यावर रविवारीं जुन्या पुस्तकांचा बाजार भरतो; तेथून आमच्या एका प्राध्यापक मित्रानें मालेचे सात सुटे खंड स्वस्तांत आणले. त्यांत पहिला नव्हता, नववा नव्हता, आणखीहि कांहीं नव्हते. पहिला खंड निघाला तो येथेंच, सरकारी दवाखान्यांतून निवृत्त झालेल्या एका परिचारिकाबाईंच्या घरीं. त्यांस सारा गांव 'सिस्टर' म्हणतो. आम्हीहि तसेंच म्हणूं. सिस्टरचें माहेर जालन्याजवळचें बेथेल, म्हणजे रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनीं गेल्या शतकाच्याहि मागील शतकांत वसविलेलें ख्रिस्ती गांव.

संच असा मोडका असल्यामुळें ज्याच्या हातीं जो खंड लागला तेथून त्याची माला सुरू झाली, आणि मतभेदाचें निम्में कारण हेंच होय. प्राध्यापकांच्या पुतण्यानें सातव्यापासून आरंभ केला. त्यांत खलनायक मेलेला आहे आणि तो पुन्हा उठून बसतो. विमानें, पाठलाग, दूरध्वनी, गुप्त ठिकाणें यांत तो मुलगा इतका रमला कीं उपदेशाचीं पानें आलीं म्हणजे तो तीं आमच्या डोळ्यांदेखत बोटानें मोजून उलटीत असे. वकीलसाहेबांस मिळाला बारावा. तेथें ख्रिस्त परत येतो आणि त्याच्या मुखांतून शब्द निघतांच शत्रुसैन्याच्या देहांच्या चिंधड्या होतात. दुसरा गाल पुढें करावयास सांगणाऱ्या महात्म्याची ही काय दशा केली, म्हणून वकीलसाहेब संतापले व पुढें मालेचें नांवहि काढीनासे झाले. ते स्वतः ख्रिस्ती नाहींत. पण येशूची अब्रू गेली याचें दुःख त्यांस जितकें झालें तितकें त्या पुस्तकाच्या लेखकांस झालेलें दिसत नाहीं.

कीर्तनकार बुवांनीं एकहि खंड वाचला नाहीं, तरी मत दिलें. त्यांच्या हिशेबीं कलियुगाचीं वर्षें 4,32,000; त्यांतलीं पांच हजारांहून थोडीं अधिक सरलीं. एवढी शिल्लक असतां घाई कसली? फेब्रुवारी 1962 मध्यें मकर राशींत अष्टग्रही आली तेव्हां देशभर लोक जग बुडणार म्हणून धास्तावले होते, ठिकठिकाणीं यज्ञ झाले, आणि मग सारे आपापल्या कामास लागले, हेंहि त्यांनीं सुनावलें. बुवांचा टोला चांगला होता, पण तो मालेस लागत नाहीं. आपला प्रलय हा चाकाचा एक फेरा आहे. त्यांचा अंत म्हणजे एकदांच लागणारा निकाल. फेऱ्याची भीति आठवड्यांत ओसरते, निकालाची नाहीं.

सर्वांत नेमकें बोलली ती प्राध्यापकांची पत्नी. तिनें पहिला खंड सिस्टरकडून आणून चार दुपारांत संपविला. ती म्हणाली, या लेखकांच्या घरीं पाळणा हाललेला दिसत नाहीं. पृथ्वीवर एकहि तान्हें मूल उरलें नाहीं, आणि थोड्याच दिवसांत वृत्तपत्रांच्या कचेऱ्या चालू, विमानें चालू, सभा चालू! रडतें तें कोण? अंथरुणांतील त्या रिकाम्या कपड्यांपर्यंत पुस्तक खरें आहे, त्यापुढें तें घाईंत आहे. आम्हीं पुढें इतर खंड वाचले, पण तिच्या या निवाड्यांत भर घालण्याजोगें कांहीं आम्हांस सांपडलें नाहीं.

सिस्टर मात्र कांहींच बोलत नव्हत्या. पहिल्या खंडाची त्यांची प्रत कोऱ्या पानाशीं उघडली कीं त्यावर एक ओळ लिहिलेली दिसे: 'आई, तूं मागें राहूं नयेस.' अक्षर मुलाचें. मुलगा हैदराबादेस नोकरीस. तेथें तो एका नव्या उपासनामंडळींत जाऊं लागला, आणि बेथेलचीं जुनीं गीतें गाणारी, दर रविवारीं पांढरें लुगडें नेसून देवळांत जाणारी आपली आई त्या मंडळींच्या मोजमापांत बसत नाहीं अशी त्याची समजूत झाली. नाताळांत त्यानें हें पुस्तक भेट दिलें. एमी जॉन्सन फ्रिकहोम या अमेरिकन विदुषीनें या मालेच्या वाचकांस प्रत्यक्ष भेटून 2004 सालीं जो ग्रंथ लिहिला त्यांत हेंच दिसून येतें कीं हीं पुस्तकें आप्तांकडून आप्तांकडे जातात, आणि देणाऱ्याचें प्रेम व धाक एकाच बासनांत बांधलेलीं असतात. तें आम्हीं वाचलें होतें. या ओळीपुढें तें वाचन फारच लहान वाटलें.

एके सायंकाळीं विषय निघालाच, तेव्हां सिस्टरनीं सांगितलें तें इतकेंच. 'पुस्तक रात्रभर बसून वाचलें. मुलाला विचारलें, प्रभु माझ्या रात्रपाळींत आला तर? खाटेवरच्या रोग्याची सलाईन चालू आहे, त्याचा माणूस बाहेर बाकावर झोंपला आहे. मला वर नेलें तर सलाईन कोण बंद करील? आमच्या वॉर्डांत पाळी बदलतांना दुसरी आल्याशिवाय पहिलीनें जायचें नसतें.' मुलगा काय म्हणाला, असें कोणी विचारलें. 'म्हणाला, आई, तुला समजत नाहीं. मग जेवला आणि झोंपला.'

यावर वकीलसाहेबहि गप्प राहिले. बुवांनीं मात्र आतां थट्टा सोडून निराळाच सूर लाविला. नरसी आमच्याच हिंगोली जिल्ह्यांतलें. परंपरा नामदेवांचें जन्मस्थान तेथें मानते. 1296 सालीं आळंदीस ज्ञानदेवांनीं समाधि घेतली तेव्हां नामदेव तेथें होते, आणि त्यानंतर पन्नासांहून अधिक वर्षें ते मागें राहिले. त्या वर्षांत ते पंजाबांत घुमानपर्यंत गेले, आणि त्यांचीं 61 पदें पुढें शिखांच्या ग्रंथसाहेबांत आलीं. तुकोबांचें तर सदेह वैकुंठगमनच लोक मानतात; त्या वेळीं जिजाई मागें राहिली, आणि मागाहून तिच्या पोटीं जन्मलेल्या नारायणानें 1685 सालीं पालखीचा सोहळा सुरू केला. जो गेला त्याचें नांव आपण घेतों, पण वारी चालते ती मागें राहिलेल्याच्या पायांनीं, असें बुवा म्हणाले.

वकीलसाहेबांनीं हरकत घेतली ती रास्त होती. आळंदीस किंवा देहूस मागें राहणें ही शिक्षा नव्हती. नामदेवांस कोणीं नापास केलें नव्हतें. या मालेंत मागें राहणें हा निकाल आहे, आणि दुसरी संधि मिळते ती रक्तपात ओलांडून. दोन्ही गोष्टींस एकच नांव देणें सोयीचें, पण खरें नव्हे. तरी सिस्टर त्या रात्रीं बराच वेळ नामदेवांविषयींच विचारीत होत्या.

आमच्या दृष्टीनें तंट्याचें मूळ येथें आहे. जगाचा अंत होईल कीं नाहीं यावर आमच्यांत कोणी भांडलें नाहीं. भांडण झालें तें वाचकानें कोठें बसून वाचावें याचें. मालेंतील सारे नायक मागें राहिलेले आहेत, आणि तरी तिचा आवडता वाचक मात्र आपण त्यांत नाहीं अशा खात्रीनें वाचतो; विमानांतून खालचा पूर पाहावा तसा. प्राध्यापकांच्या पत्नीनें पुस्तक पाळण्याशेजारीं बसून वाचलें, सिस्टरनीं खाटेशेजारीं. त्या जागेवरून पुस्तक निराळें दिसतें, आणि फार वेळ टिकत नाहीं. ज्यांनीं वारंगा फाटा पाहिला नसेल त्यांस सांगावेंसें वाटतें कीं येथें नांदेडहून अर्धापूर ओलांडून येणारा रस्ता दुभागतो: एक कळमनुरीवरून हिंगोलीस, दुसरा हदगांव-उमरखेडवरून यवतमाळ-नागपुराकडे. चहास उतरलेला उतारू पैसे देऊन वळतो तों त्याची गाडी गेलेली, आणि पिशवी गाडींत, हा देखावा नित्याचा. अशा माणसास येथें कोणी उपदेश करीत नाहीं. पुढली गाडी कितीला तें सांगतात, आणि बाकावर सरकून जागा देतात.

सिस्टरचा मुलगा पुढच्या महिन्यांत येणार आहे. त्याची आई त्याच्याशीं वाद घालणार नाहीं, असें ती म्हणते. पण प्राध्यापकांकडून तिनें दुसरा आणि तिसरा खंड नेले आहेत, आणि समासांत शिसपेनीनें बारीक अक्षरांत कांहीं तरी लिहीत असते. नववा खंड आम्हांस अद्याप मिळालेला नाहीं. त्याची आठवण एकट्या पुतण्यासच आहे, आणि आबिड्सला जाणाऱ्या प्रत्येकास तो ती करून देतो.